गतिवाचक पदबंध आणि इंग्रजी वाक्यातील क्रमव्यत्यास : मराठी भाषांतराच्या संदर्भात

प्रस्तावना :
इंग्रजी वाक्यात कर्ता प्रथम व क्रियापद नंतर, हा क्रम रूढ आहे. मात्र लिखित इंग्रजीत गतिवाचक पदबंध आरंभी आल्यास हा क्रम उलटू शकतो. १९३० पासून पुणे-मुंबई मार्गावर धावणाऱ्या गाडीचे उदाहरण घेऊन ‘आउट ऑफ द टनेल केम द डेक्कन क्वीन’ असे वाक्य रचता येते. अशा रचनेची बोळवण ‘जोर देण्यासाठी केलेला बदल’ एवढ्यावर केली जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे.

विवेचन :
गाडीचा उल्लेख आधीच झाला असेल, तर ‘आउट शी केम’ असेच लिहावे लागते. आजच्या इंग्रजीत सर्वनाम येथे क्रियापदानंतर येत नाही. केवळ जोर देणे हा हेतू असता, तर हे बंधन उद्भवले नसते. वाचकाला आधी स्थळ दाखवावे व तेथे येणारी नवी वस्तू अखेरीस प्रकट करावी, हे या रचनेचे खरे प्रयोजन होय. सर्वनामाने दर्शविलेली वस्तू परिचित असल्याने तिला ते अंत्यस्थान लाभत नाही. तसेच ‘नेव्हर’ने आरंभ होणाऱ्या वाक्याप्रमाणे येथे ‘डिड’ची मदत घेतली जात नाही, मुख्य क्रियापदच कर्त्यापूर्वी येते. या दोन रचना एकाच नियमाखाली शिकविल्यास ‘डाउन डिड द रेन कम’ यासारखी सदोष वाक्ये निर्माण होतात.

मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये पदांचे संबंध स्पष्ट करीत असल्याने पदक्रम बराच लवचिक आहे. ‘आली डेक्कन क्वीन!’ ही फलाटावरील आरोळी वाटते. ‘बोगद्यातून बाहेर आली ती डेक्कन क्वीन’ या वाक्यातून, आलेली गाडी कोणती, या प्रश्नाचे उत्तर मिळते. मूळ वाक्यात तो प्रश्नच नाही. ‘बोगद्यातून डेक्कन क्वीन बाहेर आली’ हे साधे वाक्यच मूळ आशयाच्या सर्वाधिक जवळ जाते, कारण त्यात स्थळ आधी व कर्ता नंतर येतो. अंत्यस्थान क्रियापदाकडे गेल्याने उत्कंठा किंचित ओसरते, हे खरे. परंतु ‘धुक्याने भरलेल्या बोगद्यातून शिट्टी वाजवीत डेक्कन क्वीन बाहेर आली’ अशा विस्ताराने ती राखता येते.

निष्कर्ष :
इंग्रजीतील व्युत्क्रमाला मराठीत व्युत्क्रमानेच उत्तर देणे म्हणजे निष्ठा नव्हे. भाषांतरकाराने पदांचा क्रम नव्हे, तर वाचकाला मिळणाऱ्या माहितीचा क्रम जपला पाहिजे. वाक्यरूपांतराच्या स्वाध्यायात सरळ व व्युत्क्रमी वाक्ये सर्वस्वी समान मानली, तर विद्यार्थी रचना शिकतो. ती केव्हा योजावी, हा विवेक मात्र त्याच्या हाती लागत नाही.