प्रोटॉन कोणी पाहिले?

नागपूरहून पाहिल्यास आकाशगंगेचे केंद्र धनू राशीत, दक्षिण क्षितिजापासून जास्तीत जास्त 40 अंश वर येते. या केंद्राविषयी ‘हेस’ या गटाने मार्च 2016 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध केलेला शोधनिबंध वरच्या वर्गांत अवश्य चर्चेला घ्यावा. शीर्षकापासून मात्र सावध राहावे. केंद्रात पेटा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे 1000 टीईव्ही ऊर्जेच्या प्रोटॉनांचे त्वरण होते, असे ते ठामपणे सांगते. असे प्रोटॉन तेथे कोणी पाहिलेले नाहीत.

विश्वकिरण हे नावाचेच किरण; प्रत्यक्षात ते बहुतांशी प्रोटॉन. विद्युतभारामुळे चुंबकीय क्षेत्रात त्यांची वाट वळते, म्हणून त्यांचा उगम कळत नाही. गॅमा किरण सरळ येतात. वातावरणात शिरताच ते कणांचा वर्षाव घडवतात आणि क्षणमात्र निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश चमकतो. तो टिपण्यासाठी आपल्या उत्तरेस, सातपुड्यात पचमढीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 25 दुर्बिणी उभारल्या होत्या. ‘हेस’च्या दुर्बिणी नामिबियात आहेत, तेथे केंद्र जवळजवळ डोक्यावर येते.

निबंधाची मांडणी भक्कम आहे. केंद्राभोवतीच्या वायुमेघांतून येणारे गॅमा किरण काही दशक टीईव्हीपर्यंत न ओसरता आढळले. प्रोटॉन मेघांवर आदळून गॅमा किरण निर्माण होतात, तेव्हा त्यांची ऊर्जा प्रोटॉनांच्या साधारण एक दशांश असते. इलेक्ट्रॉन इतके दूर पोहोचण्याआधीच ऊर्जा गमावतात. म्हणून प्रोटॉन हेच स्पष्टीकरण उरते. केंद्रापासून दूर जाताना विश्वकिरणांची घनता अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते. यावरून स्रोत केंद्रात असून दीर्घकाळ अखंड चालू असावा, असे दिसते.

पण हा स्रोत म्हणजे तेथील महाकाय कृष्णविवरच, हा पुढचा दुवा कच्चा आहे. जवळच्या तेजस्वी तारकागुच्छांवरही संशय घेता येतो. 2020 मध्ये ‘मॅजिक’ दुर्बिणींना 20 टीईव्हीच्या आसपास किरण ओसरत असल्याचा क्षीण संकेत मिळाला. 2024 मध्ये मेक्सिकोतील ‘हॉक’ने मात्र ते 100 टीईव्हीच्याही पुढे नोंदले. त्यामुळे प्रोटॉनांची बाजू बळकट झाली. स्रोताचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

शिक्षकांनी फळ्यावर दोन रकाने आखावेत: ‘नोंदले’ आणि ‘अनुमानले’. निबंधातील एकेक विधान विद्यार्थ्यांनाच योग्य रकान्यात लिहू द्यावे. शीर्षक कोणत्या रकान्यात जाते, हे त्यांना आपोआप कळेल. अनुमान म्हणजे चूक नव्हे; पण त्याला निरीक्षण म्हणणे ही चूकच.