दिसले किती आणि मानले किती?

सिनेमागृहात मुख्य चित्रपटाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनचे अनुबोधपट दाखवत, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. पडद्यामागून एक भारदस्त आवाज यायचा. काय पाहायचे आणि त्यातून काय समजायचे, हे दोन्ही तोच सांगायचा. अलीकडच्या अनेक भारतीय माहितीपटांनी या निवेदकाला रजा दिली आहे. कॅमेरा माणसांच्या सोबत दीर्घकाळ राहतो, बोलतात ती त्यातली माणसेच, आणि अर्थ लावायचे काम प्रेक्षकावर सोपवलेले असते. विज्ञान शिकवणाऱ्याला हा बदल आवडायला हवा. परंतु निवेदक गेला तरी मांडणी जात नाही. कोणत्या दृश्यानंतर कोणते दृश्य ठेवायचे, हे कोणीतरी ठरवतच असते.

मांडणी किती फसवू शकते याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. डिस्नेच्या ‘व्हाइट विल्डरनेस’ (१९५८) या चित्रपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून पाण्यात उड्या टाकताना दिसतात. या चित्रपटाला ऑस्कर मिळाले आणि ‘लेमिंग सामूहिक आत्महत्या करतात’ हा समज जगभर आणखी पक्का झाला. १९८२ साली कॅनडाच्या दूरचित्रवाणीने शोध घेतला, तेव्हा हे दृश्य बनवलेले होते असे उघड झाले. प्राणी दुसरीकडून आणून कड्यावरून ढकलण्यात आले होते. दृश्य डोळ्यांनी पाहिलेले असल्यामुळे ते खोटे असेल अशी शंका फारशी कोणाला आली नाही.

पुढील तीन माहितीपटांत अशी बनवाबनवी नाही. तिन्ही प्रामाणिक आहेत आणि तिन्हींना अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात पुरस्कार मिळाले आहेत. तरीही चित्रपट दाखवतो काय आणि मानायला लावतो काय, हा प्रश्न त्यांनाही विचारायला हवा.

शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ (२०२२) मध्ये दिल्लीच्या वझिराबाद भागातले नदीम आणि सौद हे दोन भाऊ तळघरात जखमी घारींवर उपचार करतात. उंदीर, डुकरे, डबक्यातले कीटक आणि माणसे एकाच शहरात कशी दाटीने राहतात, हे सावकाश फिरणारा कॅमेरा फार सुंदर दाखवतो. शहर ही एक परिसंस्था आहे, हे पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा येथे लवकर कळते. मात्र धुरकट आकाश आणि कोसळणाऱ्या घारी इतक्या वेळा शेजारी येतात की, हवेमुळेच घारी पडतात असे प्रेक्षक धरून चालतो. प्रत्यक्षात या भावांकडे येणाऱ्या घारींना जायबंदी करणारे मोठे कारण म्हणजे मांजा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली. दूषित हवेचा पक्ष्यांवर परिणाम होतच नाही असे नव्हे, पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही.

सर्वनिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’ (२०२३) मुंबईच्या दोन कोळी मित्रांचा आहे. राकेश वडिलांच्या होडीतून किनाऱ्याजवळ, जुन्या पद्धतीने मासे धरतो. परदेशात शिकून आलेला गणेश कर्ज काढून खोल समुद्रात जातो आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीकडे ओढला जातो. या पद्धतीत रात्री प्रखर प्रकाश पाण्यात सोडतात. त्याकडे लहान जीव व लहान मासे येतात, त्यांच्यामागे मोठे येतात आणि जाळ्यात पिल्लांसकट सगळे सापडते. केंद्र सरकारने २०१७ साली यावर बंदी आणली. दोघांपैकी कोणालाही खलनायक न ठरवणे हे या चित्रपटाचे बळ आहे. प्रत्येकाचा निर्णय त्याच्या जागी समजण्यासारखा, आणि सगळ्यांचे निर्णय मिळून समुद्र रिकामा. तिघांत वर्गातल्या चर्चेसाठी मी हाच आधी निवडेन. मर्यादा एवढीच, की दोन मित्र म्हणजे सगळा कोळी समाज नव्हे. मासे कमी झाले त्यात अतिमासेमारीचा वाटा किती, सांडपाण्याचा किती आणि तापत्या समुद्राचा किती, हे दोन माणसांच्या कहाणीतून ठरू शकत नाही.

अनुपमा श्रीनिवासन आणि अनिर्बान दत्ता यांचा ‘नॉक्टर्न्स’ (२०२४) प्रत्यक्ष संशोधनाचाच आहे. पुण्याच्या आयसर संस्थेत संशोधन केलेल्या मानसी मुंगी आणि बुगुन जमातीतला त्यांचा सहकारी बिकी अरुणाचलच्या जंगलात वेगवेगळ्या उंचीवर पांढरे कापड ताणतात, त्यावर उजेड पाडतात आणि येणाऱ्या पतंगांची छायाचित्रे घेतात. त्यांचा भर हॉकमॉथ या पतंगांवर आहे. प्रश्न असा, की उंचीबरोबर थंडी वाढते तसा पतंगांचा आकार बदलतो का? थंड प्रदेशातले उष्ण रक्ताचे प्राणी आकाराने मोठे असतात, असा नियम बर्गमन यांनी १८४७ साली मांडला. कीटकांना तो लागू पडेलच असे नाही. त्यात हॉकमॉथ उडण्यापूर्वी स्नायू थरथरवून अंगात ऊब आणतो, म्हणून प्रश्न अधिकच रंजक होतो. शास्त्रज्ञाचे काम म्हणजे बरेचसे वाट पाहणे आणि तेच ते पुन्हा करणे, हे इतक्या खरेपणाने मी क्वचितच पडद्यावर पाहिले आहे. पण मोजणीतून काय निघाले, याला चित्रपटात फार थोडी जागा आहे. पंखांचे सौंदर्य लक्षात राहते, प्रश्न धूसर होतो.

शिवाय उजेडावर आलेले पतंग म्हणजे जंगलातले सगळे पतंग नव्हेत. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिजलद कॅमेऱ्यांनी असे दिसले, की उडणारे कीटक पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्री उजळ बाजू म्हणजे आकाश. जवळ दिवा असला की हा अंदाज चुकतो आणि कीटक दिव्याभोवती अडकतो. जे अडकत नाहीत, ते मोजलेही जात नाहीत. संशोधकाला हे माहीत असते, प्रेक्षकाला सांगावे लागते.

वर्गात असा चित्रपट दाखवल्यावर फळ्यावर तीन रकाने आखावेत: डोळ्यांना दिसले, कोणी सांगितले, आपण जोडले. ‘हवा धुरकट आहे’ हे पहिल्या रकान्यात, ‘पूर्वी पुष्कळ मासे मिळत’ हे दुसऱ्यात, ‘म्हणून घार पडली’ हे तिसऱ्यात. पहिल्या खेपेला मुले बरीच वाक्ये चुकीच्या रकान्यात घालतील. त्यावरच वाद होऊ द्यावा. तिसऱ्या रकान्यातले एखादे वाक्य घेऊन, ते तपासायला काय मोजावे लागेल, हे मुलांनाच ठरवू द्यावे. चांदण्या रात्री दिव्यावर कीटक कमी येतात का, हे घराच्या ओसरीवरच्या दिव्याखालीही मोजता येते. मात्र एका पौर्णिमेवर आणि एका अमावास्येवर भागत नाही, निदान दोन-तीन महिने तरी वही भरावी लागते.