‘अतालता’ : एका संज्ञेची चिकित्सा

भूल उतरत असलेल्या श्वानाच्या हृदयस्पंदनातील प्रत्येक बदलास ‘अतालता’ म्हणणे सोयीचे खरे, पण शास्त्रशुद्ध नव्हे. मूळ ग्रीक ‘अरिदमिया’तील नकारवाचक ‘अ’ संस्कृत ‘अ’चाच सगोत्र, त्यामुळे भाषांतर अक्षरशः जुळते, अर्थ मात्र निसटतो. निरोगी श्वानाचे हृदय श्वास घेताना जलद व सोडताना मंद चालते; ही ‘अतालता’ तर त्याची प्रकृतीच होय! झायलाझिन वा मेडेटोमिडिन यांच्या अमलाखाली ठोके मंदावतात, क्वचित एखादा गळतोही. तेथे बिघडते ती मुख्यतः लय. याउलट, जठराला पडलेला पीळ सोडविल्यावर किंवा प्लीहा काढल्यावर निलयातून उमटणारे अकाली ठोके समेआधीच पडलेल्या थापेसारखे असतात. खरा तालभंग तो हाच, आणि तो शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसही आढळू शकतो. या दृष्टीने ‘भूल उतरली’ हा रूढ प्रयोगही फसवाच.

प्रश्न केवळ शब्दलालित्याचा नाही. लिडोकेन हे औषध या तिसऱ्या प्रकारासाठी; पहिल्यात ते अनावश्यक, दुसऱ्यात घातकही ठरू शकते. ‘श्वसनानुगामी स्पंदन’, ‘मंदस्पंदन’ व ‘अकालस्पंदन’ अशा तीन स्वतंत्र संज्ञा योजणे म्हणूनच इष्ट.