'जिवंत' या विशेषणाविषयी

आमच्या टीकावाङ्मयात काही विशेषणे हाताळून हाताळून इतकी झिजली आहेत की, त्यांवरील छाप आता ओळखू येत नाही. 'जिवंत' अथवा 'सजीव' हे त्यांतील एक होय. कादंबरीतील नायिका जिवंत, नाटकातील संवाद जिवंत, प्रवासवर्णनातील घाट जिवंत. आणि अजिंठा-वेरूळविषयी लिहावयास बसलेल्या लेखकाची लेखणी तर दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यातच या शब्दापाशी येऊन थांबते. तेथील चित्रे सजीव असतात, तेथील पाषाण श्वास घेतात, मूर्ती आता बोलू लागतील असा भास होतो. आम्ही छत्रपती संभाजीनगरचे रहिवासी. वेरूळ येथून सुमारे ३० किलोमीटरवर व अजिंठा सुमारे १०० किलोमीटरवर आहे. त्यामुळे असा मजकूर आमच्या वाचनात इतरांपेक्षा अधिक येतो. स्तुतीच्या भरात लिहिलेला शब्द तर्काच्या तराजूत घालणे हे अरसिकपणाचे लक्षण मानले जाते, हे आम्ही जाणतो. तथापि ज्या कृतींची या विशेषणाने स्तुती होते त्यांचेच त्याने अहित होते, असे आमचे मत आहे. म्हणून तो अरसिकपणा पत्करून, सजीव कशास म्हणावे व निर्जीव कशास, याचा थोडा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

प्रथम कवींची साक्ष काढू. निर्जीवावर सजीवाच्या गुणांचा आरोप करणे हा कवीचा जुना अधिकार. या अलंकारास आपण चेतनगुणोक्ती म्हणतो. परंतु ही सीमा कवीइतकी स्वच्छ क्वचितच कोणी पाहिली असेल. कालिदासाने मेघास दूत केले खरे. पण काव्याच्या आरंभीच तो वाचकास सांगून ठेवतो की, मेघ हा जड द्रव्यांचा समूह आहे, निरोप पोहोचविणे हे सचेतनाचे काम आहे, आणि विरहाने व्याकूळ झालेल्या यक्षास हा विवेक राहिलेला नाही. सारा करुणरस या एका जाणिवेतून पाझरतो. मेघास खरोखरीच कान असते, तर 'मेघदूत' हे टपालखात्याचे प्रकरण होऊन बसले असते! आपल्या संतचरित्रांतील आख्यायिकांचेही तसेच आहे. ज्ञानेश्वरांनी पैठणास रेड्यामुखी वेद बोलविले, आणि वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन आलेल्या चांगदेवांस सामोरे जाण्यासाठी भिंत चालविली, असे परंपरा सांगते. वाघास वश करणारा थोर खरा, परंतु भिंतीस चालविणारा त्याहून थोर, असा निवाडा लोकमानसाने केला. भिंत निर्जीव आहे हे पक्के ठाऊक असल्याखेरीज हा चमत्कार चमत्कारच ठरत नाही.

भाषेनेही हा भेद आपल्या रचनेत जपून ठेविला आहे. आपण 'मुलाला उचलले' असे म्हणतो, पण 'धोंडा उचलला' असे म्हणतो. प्राणिवाचक कर्मास प्रत्यय लागतो, अप्राणिवाचकास बहुधा लागत नाही. मात्र 'रोप उपटले' या वाक्यात बिचारे रोपटे धोंड्याच्या पंक्तीस जाऊन बसते. यावरून भाषेने ओढलेली रेघ ही हालत्याचालत्याची रेघ आहे, जीवशास्त्राची नव्हे, हे उघड होते. जे हालते ते जिवंत, ही आपली बाळपणीची समजूत व्याकरणात गोठून राहिली आहे.

ही समजूत किती अपुरी आहे हे पाहण्यास आमच्या शहरातील पाणचक्की पुरेशी आहे. डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्याच्या जोरावर तेथे जाते फिरविले जाई, व बाबाशाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आश्रयास असलेल्या लोकांसाठी धान्य दळले जाई. ते जाते हाले, आवाज करी, धान्य घेई आणि पीठ देई. आहार आणि हालचाल ही दोन लक्षणे पुरेशी धरली, तर त्यास जिवंत म्हणणे भाग पडेल. परंतु दळलेल्या धान्याचा कणही जात्याच्या अंगी लागत नाही. त्याचे दात बोथट झाले की टाकी लावण्यास टाकाऱ्यास बोलवावे लागते. उलट त्याच पिठाची भाकरी खाणाऱ्याच्या बोटास कापले, तर ती जखम त्या भाकरीच्याच बळावर आतून भरून येते. टाकारी बोलवावा लागत नाही.

वाढीचे लक्षणही असेच फसवे आहे. आमच्याकडील काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. विहीर खणताना किंवा खाणीत सुरुंग लावताना त्याच्या पोकळ्यांतून झिओलाइट वर्गाचे सुंदर स्फटिक निघतात. ते तेथे कोणी नेऊन ठेविलेले नसतात. ते वाढलेले असतात. परंतु स्फटिकाची वाढ बाहेरून होते, थरावर थर बसून होते. वासराची वाढ आतून होते, आणि गवत खाऊन वासराचे गवत होत नाही, गवताचे वासरू होते. आता निश्चलतेचा विचार करा. ज्वारी निवडताना सुपात दाणा आणि खडा शेजारी शेजारी पडलेले असतात. दोघेही सारखेच निपचित. गृहिणीची बोटे त्यांस क्षणात वेगळे करतात, परंतु त्यांतील खरा भेद मृगाचा पाऊस पडून जमीन भिजल्यावरच प्रकट होतो.

शास्त्रज्ञांसही ही सीमा कित्येकदा धूसर भासली आहे. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी १९०२ साली सजीव व निर्जीव यांच्या प्रतिसादांविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. धातूंवरही वारंवार आघात केले असता त्यांचा विद्युत्-प्रतिसाद मंदावतो, विश्रांतीने सुधारतो, आणि विषारी द्रव्याने नाहीसा होतो, असे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. त्या प्रयोगांचे मोल आहेच. पण थकलेले कथील विश्रांतीनंतर पूर्ववत् होते एवढ्यावरून त्यास जीव आहे असे ठरत नाही, कारण ते आपले कथील स्वतः घडवीत नाही. पुढे १९३५ साली वेन्डेल स्टॅन्ली या अमेरिकन रसायनज्ञाने तंबाखूच्या पानांस रोग आणणाऱ्या विषाणूचे स्फटिक तयार केले. बाटलीत ठेविला तर तो मिठासारखा जड पदार्थ. न खाणारा, न वाढणारा. तोच तंबाखूच्या ताज्या पानात शिरला की पानाच्या पेशींकडून आपल्या सहस्रावधी प्रती करवून घेतो. २०२० सालापासून विषाणू हा शब्द आमच्या घरोघरी पोहोचला आहे, त्यामुळे त्याची अधिक ओळख करून देण्याची गरज नाही. या सीमेवरच्या प्रजाजनाची आठवण मात्र वाचकांनी ठेवावी; पुढे आम्हांस त्याचे काम पडणार आहे.

या सर्वांतून एवढे निष्पन्न होते की, हालणे, वाढणे, आहार घेणे यांतील कोणतेही एक लक्षण सुटे घेऊन भागत नाही. बाहेरचे द्रव्य घेऊन त्यातून जे सतत स्वतःस घडवीत राहते, मोडले तर आपल्या शक्तीप्रमाणे स्वतःस सांधते, आपल्यासारखे दुसरे निर्माण करण्याची सोय जातीने आपल्यात बाळगते, आणि हा व्यापार थांबला की मरते, ते सजीव. यांतील शेवटचे लक्षण टीकाकार नेहमी विसरतात. जे मरू शकते तेच जिवंत असते.

आता अजिंठ्यास जाऊ. तेथील १६ व्या लेण्यात 'मरणोन्मुख राजकन्या' या नावाने प्रसिद्ध असलेले चित्र आहे. पती नंद भिक्षू झाल्याचे कळताच मूर्च्छित झालेली ही सुंदरी होय, असे अभ्यासक मानतात. तिची मान कलली आहे, पापण्या जड झाल्या आहेत, सभोवारच्या सख्या भयभीत झाल्या आहेत. हे चित्र जिवंत आहे, असे शेकडो वेळा लिहिले गेले. परंतु विचार करा: ती सुमारे पंधराशे वर्षे मरत आहे, आणि अद्याप मेलेली नाही. सजीवास हे साधत नाही. तिचा अखेरचा श्वास अखेरचाच राहिला, याचे कारण ती माती, चुना आणि रंग यांची बनलेली आहे. क्षणभंगुर प्राणव्यापारातील एक क्षण कालाच्या ओघातून उचलून मृत द्रव्यात ठेवावा, आणि पाहणाऱ्याच्या काळजात तो पुन्हा धडधडावा, यात त्या अनामिक चित्रकाराची थोरवी आहे. 'जिवंत' म्हणून आपण त्याच्या कर्तृत्वाचा अर्धा भाग पुसून टाकतो. कैलास लेण्याचेही तेच. अखंड डोंगर शिखराकडून पायाकडे कोरीत आणताना कारागिरास एका गोष्टीचे भय अखंड होते: चुकून उडालेली कपची पुन्हा उगवत नाही. पालीची तुटलेली शेपटी पुन्हा येते. हत्तीची तुटलेली सोंड तशीच राहते.

येथवर हा शब्दांचा वाद वाटेल. परंतु याचे परिणाम भोगावे लागले आहेत ते त्या चित्रांस. १८१९ साली ही लेणी इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली. रॉबर्ट गिल यांनी पुष्कळ वर्षे तेथे राहून केलेल्या नकला लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेविल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून १८७२ पासून पुन्हा नकला करविल्या. त्यांतीलही पुष्कळ १८८५ साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणविले. त्यांनी निसटणारा गिलावा सांधला हे उपकारच. परंतु वर दिलेला लाखेचा लेप काळाने पिवळा-काळा पडला, आणि तो काढताना पुढील रसायनज्ञांस फार श्रम पडले. सजीव देहावर एखादा लेप चुकीचा बसला तर त्वचा नवी येते. चित्रास नवी त्वचा येत नाही.

आणखी एक विरोध पाहण्यासारखा आहे. या चित्रांचे शत्रू बहुतांशी सजीवच आहेत. अजिंठ्याच्या गिलाव्यात भाताचे तूस, गवत, वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत, आणि कसरीसारख्या कीटकांस ते अन्न झाले. २०१६ साली पुरातत्त्व खात्यातील एका रसायनज्ञाने व आमच्या येथील विद्यापीठातील एका वनस्पतिशास्त्रज्ञाने 'करंट सायन्स' या नियतकालिकात असे दाखविले की, वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे बारीक तुकडे आहेत, आणि तेथे कीटकांचा असा उपद्रव आढळत नाही. कीटकांच्या पाठोपाठ आपण स्वतः येतो. चित्रे श्वास घेत नाहीत. श्वास घेतो आपण, आणि आपल्या श्वासातील दमटपणा त्यांस बाधतो. म्हणून मुख्य लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसे सोडावी लागतात. 'पाषाण श्वास घेतात' असे लिहिणाऱ्याने हे एकदा ध्यानी घ्यावे.

यावर कोणी म्हणेल, ॲरिस्टॉटलनेही कथानकास सजीव प्राण्याची उपमा दिली आहे; मग आमचा आक्षेप त्यालाही लागू होतो काय? नाही. त्याने उपमा दिली ती अवयवांच्या परस्परसंबंधापुरती: कृती एकसंध असावी, तिला आदि-मध्य-अंत असावा, आणि ती एका दृष्टिक्षेपात सामावेल एवढी असावी. ही उपमा यथार्थ आहे. परंतु उपमेय उपमानाहून भिन्न असते, हे उपमेतच गृहीत आहे. पोथीचे पान गहाळ झाले तर पोथी ते पुन्हा लिहून काढीत नाही.

आमच्या मते ग्रंथाचे खरे साम्य प्राण्याशी नसून वर सांगितलेल्या विषाणूशी आहे. उपमा गोड नाही, पण नेमकी आहे. कपाटातील ग्रंथ स्टॅन्लीच्या बाटलीतील स्फटिकासारखा जड असतो. वाचकाच्या मनात शिरला की त्याच्याच अनुभवाचे, त्याच्याच स्मृतीचे द्रव्य वापरून तो सळसळू लागतो, आणि त्याच्या तोंडून दुसऱ्याकडे जातो. यात जीव आहे तो सारा वाचकाचा. ज्या ग्रंथास वाचक उरला नाही तो मेला असे म्हणण्याची चाल आहे. वस्तुतः तो कधीच जिवंत नव्हता, त्यास आपला जीव उसना देणारे मेले. नवा वाचक भेटला तर तोच ग्रंथ शतकांनंतरही पुन्हा चळवळेल. ग्रंथास निदान एवढी आशा आहे, कारण त्याची प्रत काढता येते, आणि प्रतीत मूळ उतरते. अजिंठ्याच्या भिंतीस ही सोय नाही. छायाचित्रे कितीही निघोत, ती भिंत एकच आहे.

म्हणून टीकाकारांस आमची विनंती अशी की, 'जिवंत' हे विशेषण लिहिण्यापूर्वी त्यांनी एक प्रश्न स्वतःस विचारावा: ही कृती मोडली तर तिला कोण सांधणार? सजीवाच्या बाबतीत आपण निर्धास्त राहू शकतो. झाड तोडले तरी पालवी फुटेल असा भरवसा असतो. आमच्या समाजाने अजिंठ्याविषयी फार काळ असाच भरवसा बाळगला, आणि या सुंदर विशेषणाने त्या भरवशास खतपाणी घातले. येत्या सुटीत जी कुटुंबे मुलाबाळांस घेऊन वाघूरकाठची ही लेणी पाहावयास येतील, त्यांनी मुलांस 'बघ, कशी जिवंत वाटते' एवढेच सांगून पुढे जाऊ नये. हा दगड आहे, ही माती आहे, आणि हिला स्वतःची काळजी घेता येत नाही, हेही सांगावे. मग त्या मुलाचा हात भिंतीकडे जाता जाता आपोआप मागे येईल. आणि त्या अनामिक चित्रकारांस आमच्या पिढीकडून मिळणारी ती अधिक खरी दाद होईल.