सरासरी कोणाची?

‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल २००५ पासून निघत आहे. तो आला की आठवीच्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, असे मथळे झळकतात आणि सारा दोष सरकारी शाळेच्या माथी बसतो. शिक्षकांनी हा अहवाल कसा वाचावा?

त्याचे बलस्थान असे की पाहणी घरोघर जाऊन होते. मूल सरकारी शाळेत असो वा खाजगी, ते मोजले जाते. म्हणून दुसरीचा मजकूर वाचू शकणारी आठवीतील मुले २०१८ मध्ये सुमारे ७३ टक्के होती, ती २०२२ मध्ये ६९.६ टक्के झाली, ही घसरण निव्वळ शाळाबदलाची म्हणता येत नाही.

अडचण येते ती सरकारी व खाजगी असे वेगळे रकाने वाचताना. ६ ते १४ वयोगटातील सरकारी शाळांचा वाटा २०१८ मध्ये ६५.६ टक्के, २०२२ मध्ये ७२.९, तर २०२४ मध्ये ६६.८ टक्के होता. एवढी मुले इकडून तिकडे गेल्यावर दोन वर्षांच्या सरासऱ्यांवरून शिकवण्याची प्रत कशी ठरवणार?

एक उदाहरण करून पाहू. समजा, नगरपरिषद शाळेच्या सहावीत २० मुले आहेत. ५० पैकी ८ जणांना ४० गुण, १२ जणांना २५. सरासरी ३१. पुढच्या वर्षी ४० गुणांची ५ मुले खाजगी शाळेत गेली. उरलेल्या प्रत्येकाचे गुण २ ने वाढले. तरी सरासरी येते ३०! प्रत्येक मूल पुढे गेले आणि शाळा मात्र ‘घसरली’.

शिवाय ‘असर’ ग्रामीण भागापुरता आहे. त्याचे आकडे छोट्या शहराच्या शाळेला लावणे चूकच.

हा केवळ गणिताचा खेळ नाही. निकाल ‘घसरला’ की पालक बिचकतात, पट घटतो, संचमान्यतेत शिक्षकाचे पद जाते. मग मागे राहिलेल्या मुलांना विज्ञान शिकवणार कोण?

म्हणून शिक्षकमित्रांनो, वर्गाच्या सरासरीशेजारी आणखी एक रकाना आखा: त्याच मुलाचे गेल्या वर्षीचे गुण. शाळा सोडून गेलेल्यांची नावेही गुणांसह जपून ठेवा. उद्या कोणी जाब विचारला, तर हा तक्ता पुढे ठेवता येईल. आणि त्यात मुले खरोखरच मागे पडलेली दिसली, तर तेही आपण मान्य केले पाहिजे.