हालचाल : अध्ययनातील विराम की अध्ययनाचे साधन?

वर्गात ठरावीक वेळाने पाठ थांबवून मुलांना उठविणे, दोन-चार मिनिटे हातपाय हलविण्यास लावणे व पुन्हा जागेवर बसविणे, हा उपाय अलीकडे अध्यापनशास्त्रात मान्यता पावत आहे. त्याने मुलांचे अवधान काही काळ सुधारते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. तेवढ्यापुरते त्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्यामागील गृहीताचा. शिकणे म्हणजे स्वस्थ बसणे आणि हालचाल म्हणजे शिकण्यातील खंड, ही जुनी समजूत ह्या उपायात तशीच कायम राहते.

ह्या समजुतीला महाराष्ट्रात कृतीने उत्तर दिले ते ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी. अनुताईंनी पूर्वी नाशिक जिल्ह्यातील ग्रामीण शाळेत शिकविले होते. नेहमीच्या वर्गाची शिस्त त्यांना अपरिचित नव्हती. १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र निघाले व १९५७ साली कार्याचे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवतालची आदिवासी मुले गुरे राखीत, धाकटी भावंडे सांभाळीत. घंटेच्या शाळेत ती येणे कठीण होते. तेव्हा शाळाच त्यांच्याकडे गेली. कुरणशाळेत गुरे चरत असता शिक्षण चाले. अंगणवाडीत झोपडीपुढचे अंगण हाच वर्ग होई. शिंपले, बिया, खडे, पाने ही तेथील साधने. ती वेचावी, आणावी, मांडावी, मोडून पुन्हा मांडावी, ह्यातच संख्येची ओळख होते. येथे हालचालीसाठी पाठ थांबत नाही. उलट हालचाल थांबली तर पाठच थांबेल. माँटेसरीबाईंच्या विचाराचे ऋण उघड आहे. परंतु ठरावीक मापाच्या महाग साधनांऐवजी परिसरातील वस्तू स्वीकारण्यात ताराबाईंची स्वतंत्र दृष्टी दिसते.

तथापि ह्या प्रयोगाची मर्यादाही ध्यानी घेतली पाहिजे. त्याचे खरे सामर्थ्य बालवयात आहे. बाकांनी भरलेल्या शहरी वर्गास कुरण कोठून मिळणार? शिवाय सर्वच विषय हालचालीने साधतात, असेही नाही. नेदरलँड्समधील १२ प्राथमिक शाळांतील ४९९ मुलांचा दोन वर्षे झालेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. हालचालींत गुंफलेल्या पाठांनी गणित व शुद्धलेखन सुधारले. वाचनात मात्र फरक पडला नाही. हा निष्कर्ष कोसबाडच्या विचाराला बळ देतो आणि आवरही घालतो.

म्हणून विरामाचा उपाय त्याज्य ठरत नाही. तो तडजोड आहे, हे मात्र विसरता कामा नये. नाशिकमधील एखाद्या दाटीच्या वर्गातही जमिनीवर संख्यारेषा आखून मुलांना तिच्यावरून चालवून बेरीज शिकविता येईल. आणि वाचनासारख्या स्थिर कामानंतर विरामही देता येईल. कोणत्या आशयाला हालचाल आतून हवी आणि कोणत्या आशयानंतर ती केवळ विसावा म्हणून हवी, हा विवेक शिक्षकाने करावयाचा आहे. अध्यापक-प्रशिक्षणात विरामांची वेळापत्रके शिकविण्यापेक्षा ह्या विवेकाचा अभ्यास अधिक अगत्याचा आहे.