अभिरुचीचा प्रश्न आणि प्लास्टरचे बाबासाहेब

मराठी समीक्षेने रस आणि ध्वनी, लय आणि रूपबंध यांवर भरपूर शाई खर्च केली आहे. परंतु कष्टकऱ्याच्या घरातील भिंतीवरच्या खिळ्याला काय टांगलेले असते, याकडे तिने क्वचितच मान वर करून पाहिले. पाहिले असेल तर हसण्यासाठी. भडक, बटबटीत, सवंग, बाजारू, गावंढळ अशी विशेषणांची एक तयार पेटी तिच्याजवळ आहे. ही विशेषणे वस्तूला लावली जातात असे वरवर दिसते. प्रत्यक्षात ती वस्तूच्या मालकाला जाऊन लागतात. म्हणून स्वस्त, ओबडधोबड, डोळ्यांत खुपणाऱ्या वस्तूंचा विचार करमणुकीचा असला तरी केवळ करमणुकीचा नाही. अभिरुची कोणाची, ती ठरवली कोणी आणि तिच्या नावाने न्यायनिवाडा कोण करतो, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

हसण्यासारखे काहीच नाही, असे आमचे म्हणणे नाही. पुष्कळ आहे. यवतमाळ जिल्ह्यात नेरपासून झरी-जामणीपर्यंत आणि उमरखेडपासून राळेगावपर्यंत फिरणाऱ्याने वस्त्यांच्या तोंडाशी ओट्यावर उभे असलेले बाबासाहेबांचे पुतळे नीट निरखून पाहावेत. एका गावी खांदे पैलवानाचे तर हात शाळकरी मुलाचे. चष्मा कुठे तारेचा, कुठे काळ्या रंगाने थेट चेहऱ्यावरच काढलेला. आणि रंगवणाऱ्याचा हात हलला असेल तर एक काच दुसरीहून मोठी. खिशाला पेन कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. हातातले संविधान कुठे वहीएवढे, कुठे विटेएवढे. उंचावलेले बोट एका गावात दिल्लीची दिशा दाखवते, तर दुसऱ्या गावात बरोबर समोरच्या पानठेल्यावर रोखलेले असते. आणि कोट! निळ्या रंगाच्या जेवढ्या छटा कारखान्यांनी काढल्या असतील तेवढ्या साऱ्या या कोटांवर सापडतील. दरवर्षी १४ एप्रिलच्या आधी त्यावर नवा हात दिला जातो, थरावर थर चढत जातो आणि काही वर्षांनी कोटाची बटणे कोटातच बुडून जातात.

हे वस्तीतल्या माणसांना दिसत नाही असे कोणी समजू नये. त्यांनाही दिसते आणि तीही हसतात. रंग देणाऱ्या पोराला, यंदा बाबासाहेबांना लेका जरा जाडच केलंस, असे सुनावणारी म्हातारी प्रत्येक वस्तीत असते. पण तिचे हसणे घरातल्या माणसाला हसण्यासारखे आहे. रस्त्याने मोटारीतून जाताना काच खाली करून हसणाऱ्याचे हसणे वेगळे. पहिल्या हसण्यात मालकी आहे, दुसऱ्यात तुच्छता. समीक्षकाला हा भेद कळला नाही तर त्याने सौंदर्यशास्त्राचे कितीही ग्रंथ वाचलेले असोत, ते व्यर्थ होत.

हे पुतळे असे का होतात, याचे उत्तर अभिरुचीत शोधून सापडणार नाही. ते अर्थव्यवहारात आहे. ब्राँझचा पुतळा ओतायचा तर आधी मातीचे शिल्प, मग साचा, मेण, धातू, भट्टी आणि कसलेला मूर्तिकार हवा. वस्तीची वर्गणी जमते ती कापूस वेचण्याच्या आणि निंदणाच्या मजुरीतून. तेवढ्या पैशांत प्लास्टर ऑफ पॅरिस येते, सिमेंट येते, अलीकडे फायबर येते. जिप्सम भाजून केलेली प्लास्टरची पांढरी भुकटी पाण्यात कालवली की काही मिनिटांत घट्ट होते आणि एका साच्यातून अनेक नग निघतात. पावसापाण्यात ती टिकत नाही म्हणून तिच्यावर ऑइलपेंटचे जाड थर द्यावे लागतात. ज्याला लोक भडकपणा म्हणतात तो पुष्कळदा पावसापासूनचा बचाव असतो. शिवाय हा साचा करणारा कारागीर वर्षभर गणपती आणि दुर्गा घडवणारा. त्याच्या हाताला गोल गालांची सवय. बाबासाहेबांचे गाल तो मुद्दाम फुगवत नाही. त्याचा हातच तसा वळतो.

त्याच्यापुढे नमुना तरी कोणता असतो? एखादे कृष्णधवल छायाचित्र आणि त्याच्या नकलेची नक्कल. २ एप्रिल १९६७ रोजी संसदेच्या आवारात बी. व्ही. वाघ यांनी घडवलेल्या बाबासाहेबांच्या ब्राँझ पुतळ्याचे अनावरण झाले. उंचावलेला हात आणि काखेशी धरलेला ग्रंथ ही त्या पुतळ्याची ठेवण पुढे देशभर पसरली. आमच्या वस्तीतले प्लास्टरचे बाबासाहेब हे त्या ब्राँझचे गरीब नातेवाईक आहेत. निळा रंग मात्र ब्राँझमध्येही नव्हता आणि कृष्णधवल छायाचित्रातही नव्हता. तो आला झेंड्यावरून. जुलै १९४२ मध्ये नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि तिचा निळा झेंडा लोकांच्या मनात घर करून बसला. लोकांनी बाबासाहेबांच्या अंगावर त्या झेंड्याचा कोट चढवला. कापडाच्या रंगाची चूक काढणाऱ्याला हा कोट कसा उमगणार?

आता भिंतीवरच्या खिळ्याकडे येऊ. राजा रवि वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती रंगीत कागदावर छापून बाजारात आल्या. ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती त्यांच्याही घरी देव कागदावरून येऊ लागला. १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला तेव्हा दार उघडले गेले नाही. कागदाला मात्र दार अडवू शकत नव्हते. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि घराघरांतून हे देव उतरवले गेले. खिळा तिथेच राहिला. त्या खिळ्यावर बुद्ध आणि बाबासाहेब आले. परंतु चित्रे छापण्याची तऱ्हा तीच राहिली: तीच गुलाबी कांती, तेच कमळ, तेच मस्तकामागचे तेजोवलय. आपल्या तसबिरींच्या सौंदर्यातला आणि दोषांतलाही बराचसा भाग या वारशातून आला आहे.

अशोक विजयादशमीला आमच्या जिल्ह्यातून दीक्षाभूमीवर जाणारा माणूस परतताना पिशवीत काय आणतो? एक तसबीर, एक बिल्ला, पोराला निळी टोपी आणि स्वस्तातल्या दोन-चार पुस्तिका. कागद वर्तमानपत्री, मुखपृष्ठ डोळे दिपवणारे, छपाईच्या चुका पानोपानी, शाई बोटांना लागणारी. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे जाडजूड खंड काढले, हे मोठेच काम झाले. पण शेतमजुराच्या ट्रंकेत जाऊन बसली ती ही पुस्तिका. तिच्या आधारे कितीतरी घरांत पहिल्यांदा मोठ्याने वाचन झाले. शुद्धलेखनाच्या चुकांसह झालेले ते वाचन शुद्ध मौनापेक्षा केव्हाही श्रेष्ठ.

नेमक्या त्याच दिवसांत यवतमाळ शहरात दुर्गोत्सव चालू असतो. या उत्सवासाठी आमचे शहर विदर्भभर ओळखले जाते. बांबू, कापड, थर्माकोल आणि प्लायवूडची देवळे व महाल उभे राहतात, दिव्यांच्या माळा डोळे मिटू देत नाहीत. कारागिरांची मेहनत थोर आहे, यात शंका नाही. पण सामान तेच, रंग तेच, झगमगाट दहापट! तिथे भडक हा शब्द कोणी काढत नाही. तिथला शब्द भव्यदिव्य. एकाच पोत्यातल्या प्लास्टरला दोन विशेषणे कशी मिळतात, याचा खुलासा सौंदर्यशास्त्राने करावा. त्याला तो जमत नाही, कारण तो समाजशास्त्रात आहे.

ही रीत आजची नव्हे. जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांवर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून हल्ला चढवला तेव्हा त्यांनी विचारांइतकेच भाषेला आणि व्याकरणाला धारेवर धरले. प्रश्न होता गुलामगिरीचा, उत्तर आले व्याकरणाचे. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हाही जगण्याविषयी बोलण्याऐवजी शब्दांच्या शिवराळपणावर नाके मुरडली गेली. अभिरुची ही अशी सोयीची ढाल आहे. समोरचा काय म्हणतो ते ऐकायचे नसले की तो कसा म्हणतो यावर बोट ठेवायचे.

आणि सुबकतेचे काय? यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले: १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. दुसऱ्या खेपेला उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना बोलावून ते निमंत्रण मागे घेण्यात आले. अखेर आमच्याच जिल्ह्यातील, शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर घर सावरणाऱ्या वैशाली येडे यांनी उद्घाटन केले आणि त्या मांडवाची थोडीफार अब्रू राखली. मांडव सुबक होता. पाहुणीला दारातून परत फिरवण्याचे कृत्य मात्र स्वस्त होते. हा सवंगपणा मोजायला अभिरुचीचा कोणता गज वापरायचा?

इथवर वाचून कोणी असे समजेल की गरिबाच्या घरातली प्रत्येक वस्तू आम्ही डोक्यावर घेऊन नाचणार आहोत. तसे करणे म्हणजे समीक्षेचा राजीनामा देणे. वस्तू स्वस्त आहे म्हणून ती वाईट ठरत नाही, तशी गरिबाची आहे म्हणून चांगलीही ठरत नाही. प्रश्न वेगळा विचारला पाहिजे: ही वस्तू कोणाचे काम करते? ती खरे बोलते की फसवते?

या कसोटीवर आपल्याच घरातल्या काही वस्तू नापास होतात. विष्णूच्या दहा अवतारांचे कॅलेंडर घ्या. त्यात नवव्या जागी बुद्ध बसवलेला असतो. चित्र मोठे गोंडस. पण बुद्ध हा विष्णूचा अवतार मानणार नाही, ही बावीस प्रतिज्ञांतली पाचवी प्रतिज्ञा. ती पाठ असलेल्या माणसाच्या घरी केवळ बुद्ध दिसला म्हणून हे कॅलेंडर लागावे, यात छपाईचा दोष नाही. आपल्या नजरेचा आहे. दुसरा नमुना काचेच्या कपाटातल्या पोटल्या 'लाफिंग बुद्धा'चा. तो तथागत गौतम नव्हेच. दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेला बुदाई नावाचा, खांद्यावर झोळी टाकून हिंडणारा चिनी भिक्षू तो. बिचारा आनंदी माणूस होता. त्याच्या पोटावरून हात फिरवला की पैसा येतो ही अफवा बाजाराने त्याच्या गळ्यात बांधली. नशीब आणि दैव यांच्या तावडीतून सुटण्यासाठी ज्यांनी धम्म घेतला, त्यांच्या घरात दैव असे हसत हसत, पोट पुढे करून परत शिरते.

तिसरा नमुना जयंतीच्या फ्लेक्सचा. चाळीस चेहरे, चाळीस नमस्कार, मध्यभागी गॉगल लावलेले भावी नगरसेवक आणि वरच्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढे बाबासाहेब. हा फ्लेक्स प्लास्टरच्या पुतळ्यापेक्षा कितीतरी सफाईदार असतो. चेहरे हुबेहूब, रंग अचूक. तरीही आमच्या मते जिल्ह्यातली सर्वांत हीन अभिरुची कुठे असेल तर ती इथे आहे, कारण इथे बाबासाहेबांच्या नावाने दुसराच माल खपवला जातो.

आणि माल खपवण्याची गोष्ट निघाली आहे तर सर्वांत देखण्या वस्तूकडेही पाहू. कृषी केंद्रातून फुकट मिळणाऱ्या कॅलेंडरवर कधी बुद्ध असतो, कधी बाबासाहेब, कधी दुर्गा. खाली जाहिरात बियाण्याची किंवा कीटकनाशकाची. त्या कीटकनाशकाची बाटली पाहा. चकचकीत वेष्टन, टवटवीत बोंडे, नेमकी अक्षरे. विषाची तीव्रता सांगणारा रंगीत चौकोन त्यावर असतो. लाल म्हणजे अतितीव्र, पिवळा म्हणजे त्याखालोखाल. पण सूचना इतक्या बारीक टायपात की साक्षर माणसालाही उन्हात वाचता येऊ नयेत. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात याच जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले आणि शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. त्यांच्या नाकातोंडाला बांधायला धड फडकेही नव्हते. त्या बाटलीच्या अभिरुचीबद्दल कोणी तक्रार केल्याचे आम्हाला ठाऊक नाही. सुबक वस्तू माणूस मारते आणि बटबटीत वस्तू माणूस उभा करते, अशा जिल्ह्यात राहून केवळ रंगसंगतीची समीक्षा कशी करता येईल?

प्लास्टरच्या त्या पुतळ्याची खरी किंमत जातीयवाद्यांना समीक्षकांहून चांगली कळते. म्हणून तर ते रात्री त्याच्यावर जातात. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या गळ्यात चपलांची माळ सापडली. निषेध करणाऱ्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मेली. तमिळनाडूत बाबासाहेबांचे पुतळे लोखंडी पिंजऱ्यात ठेवावे लागतात. कलादालनातल्या कोणत्या शिल्पाची एवढी भीती कोणाला वाटते?

कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी म्हणून एक काम अंगावर घ्यावे. आपापल्या गावच्या पुतळ्याची हकीकत लिहून काढावी. तो कोणत्या साली बसला, वर्गणी कोणी दिली, साचा कोणाचा, जागेवरून भांडण झाले का, पहिला हार कोणी घातला, रंग दरवर्षी कोण देतो. जुन्या पुस्तिका, बिल्ले, जलशांची पत्रके रद्दीत जाण्याआधी गोळा करावीत. आणि सोबत खिळ्यावरची तसबीरही एकदा उतरवून, पुसून, नीट पाहावी: तिच्यातला बुद्ध आपला आहे की कोणाचा अवतार? ही पाहणी घरोघर झाली तर दलित सौंदर्यविचाराला लागणारी सामग्री आपोआप हाती येईल. पुतळ्याच्या बटणांचे म्हणाल, तर पुढच्या १४ एप्रिलला रंग देण्याआधी जुने थर खरवडून काढावेत. ती आतच आहेत.